नाना, कोर्टात मान हलवून भागत नाही

नाना, तुमची शोकसभा बार रूममध्ये झाली. भाषणं ऐकू यावीत म्हणून कूलर बंद केला होता, आणि एप्रिलच्या उकाड्यात काळे कोट घातलेले वकील तुमच्या नावानं घाम गाळत बसले होते. यातल्या निम्म्यांनी कुठल्याही अशिलासाठी एवढा घाम गाळलेला नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. पहिल्या रांगेत न्यायाधीश मंडळी होती. टेबलावर तुमचा तो बार निवडणुकीच्या वेळचा फोटो होता, ज्यात तुम्ही हसायचा प्रयत्न केला होता आणि काकू म्हणाल्या होत्या की दाढ दुखणाऱ्या माणसासारखे दिसता. हार मात्र चांगला आणला होता.

मी तिसऱ्या रांगेत बसून प्रत्येक वक्त्याला मनातल्या मनात हरकत घेत होते. पहिले वक्ते म्हणाले, ‘नानासाहेब कॉलेजात फार हूड होते, असं मला माझ्या थोरल्या बंधूंनी सांगितलं, आणि त्यांना त्यांच्या एका मित्रानं.’ हरकत. ऐकीव पुरावा, तोही दोन घरं फिरून आलेला. दुसऱ्यानं सांगितलं की तुमचा आवाज आयुष्यात कधी चढला नाही. हरकत. साक्षीदाराला प्रत्यक्ष माहिती नाही. तो सदर भागातल्या आपल्या ऑफिसात एकदा जरी आला असता, तरी लोखंडी कपाटाला पडलेला पोचा त्यानं पाहिला असता आणि पेपरवेट कुणी फेकलं होतं ते विचारलं असतं. तिसऱ्यानं सभेलाच विचारलं, ‘अशी माणसं आता उरली कुठं, सांगा बरं?’ सूचक प्रश्न, उत्तर आतच भरून दिलेलं. चौथे स्वतःच्या एका गाजलेल्या खटल्यावर बोलत राहिले आणि खाली बसताना त्यांना आठवलं की गेलेले तुम्ही आहात. असंबद्ध.

शेवटी खापरे उठले. त्यांचं पुढे सांगते, कारण त्यांच्या भाषणामुळेच हे लिहायला बसले आहे.

तुम्ही गेलात याचं मला दुःख आहे. फार आहे. सकाळी ऑफिसचं कुलूप काढताना अजून वाटतं की आत तुम्ही खुर्चीत बसून ‘किती वाजले वं?’ म्हणून ओरडणार. पण राग दुःखापेक्षा जास्त आहे, आणि तुमच्या जाण्यानं तो जराही कमी झालेला नाही. गेलेल्या माणसाला आपल्याकडे कुणी उलटतपासणीसाठी उभं करत नाही. मी करणार आहे. तुम्हाला चालणार नाही, पण आता तुम्ही मला ‘बस’ म्हणू शकत नाही.

हरकत घ्यायला मला तुम्हीच शिकवलं. मी नवी सनद घेऊन तुमच्याकडे आले तेव्हा माझी समजूत सिनेमातली होती. ताडकन उठायचं, हात वर करायचा आणि ओरडायचं. पहिल्याच आठवड्यात मी तसं केलं. बाहेर आल्यावर तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंत. ‘तमाशा कराचा असंन तं बाहेर कर. इथं काम आहे.’ मग बाकावर बसून शिकवलंत. ‘प्रश्न संपला की साक्षीदार श्वास घेते. त्या श्वासात उठाचं. आधी उठली तं उतावीळ दिसते, मागून उठली तं उत्तर रेकॉर्डवर गेलं. एक वाक्य बोलाचं. काहून हरकत आहे ते सांगाचं. नोंद व्हावी म्हनाचं, अन् बसाचं.’

कागदाच्या बाबतीत तुम्ही आणखी कडक होता. समोरचा वकील कागद पुढे करतो, न्यायाधीश त्यावर निशाणी क्रमांक टाकायला पेन उचलतात, आणि ते पेन कागदाला टेकायच्या आत हरकत आली पाहिजे. ‘निशाणी पडली अन् तू गप्प राहिली, तं कागद तुले मान्य होता असंच वरचं कोर्ट समजन. मंग डोकं आपटलं तरी फायदा नाही. कोर्टात काय झालं ते नाही चालत वं, काय लिहिलं ते चालते.’ हे शब्द तुमचे आहेत. मी त्यांच्यावर इतकी वर्षं पोट भरलं.

रविवारी मी तुमच्या घरी फायली घेऊन यायचे, तेव्हा सराव काकूंवर चालायचा. काकू पोह्यांच्या बशा ठेवताना म्हणायच्या, ‘समोरची म्हणे भांडून माहेरी गेली, दूधवाला सांगत होता.’ तुम्ही लगेच, ‘वंदे, उठ!’ मी उठायचे. ‘हरकत. ऐकीव पुरावा. दूधवाल्याला तपासलेलं नाही. नोंद व्हावी.’ काकू कमरेवर हात ठेवून म्हणायच्या, ‘मंग पोहे बी ऐकीवच खा दोघं.’ त्या रविवारांइतकी मी पुन्हा कुठं हसले नाही. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

तुम्ही खरे कसे होता तेही मी पाहिलं आहे, म्हणून तर चीड येते. चोरीच्या आरोपातला तो चौकीदार आठवतो? सरकारी वकिलांनी फौजदाराला विचारलं, ‘आरोपीनं तुमच्यापुढे काय कबूल केलं?’ फौजदारानं छाती फुगवून श्वास घेतला, आणि त्याच श्वासात तुम्ही उभे होता. ‘हरकत. पोलिसापुढची कबुली पुराव्यात येत नाही. नोंद व्हावी.’ आणि बसलात. फौजदाराची छाती तशीच फुगलेली राहिली. त्या कबुलीशिवाय खटल्यात दम नव्हता, चौकीदार सुटला. तो तुमच्या पाया पडायला वाकला तेव्हा तुम्ही पाय मागे घेतले. ‘पाया काहून पडून राहिला गा? मी फक्त टायमावर उठलो.’ त्या दिवशी मी ठरवलं होतं की वकील व्हायचं तर असंच.

मग तुमचं नाव मोठं झालं आणि उठणं कमी झालं. आधी तुम्ही उभं राहून हरकत घ्यायचा, मग बसून घ्यायला लागलात. मग वाक्याचं अर्धं वाक्य झालं, अर्ध्या वाक्याचं ‘हं’ झालं, आणि शेवटी नुसती मान उरली. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हनुवटी छातीकडे, आणि मान दोनदा डावीकडून उजवीकडे. जुने न्यायाधीश ती मान ओळखायचे. ते हसून समोरच्याला ‘तो प्रश्न सोडा’ म्हणायचे. कँटीनमध्ये ज्युनियर तुमची नक्कल करायचे, ते तुम्हाला कळलं, आणि रागवायचं सोडून तुम्ही खूश झालात. बारमध्ये या सगळ्याला नानासाहेबांचा रुबाब म्हणत. मी त्याला आळस म्हणते. इस्त्री केलेला, पण आळसच.

त्यात ती ज्येष्ठांची रीत. ज्येष्ठांनी एकमेकांना कोर्टात अडवायचं नाही, बरं दिसत नाही म्हणे. सकाळी चहाच्या टेबलावर समोरचा म्हणतो, ‘नाना, आज तो कागद लावतो, जास्त ताणू नका.’ आणि तुम्ही म्हणता, ‘लाव गा. माही हरकत समजून घेजो.’ बाहेर बाकावर अशील बसलेला असतो, त्याला वाटतं आत आपल्यासाठी लढाई चालली आहे, आणि आत दोन मोठी माणसं एक समोसा अर्धा अर्धा करून खात असतात. मला या सभ्यपणाचा मनापासून तिटकारा आहे. स्वतःचं काहीच पणाला लागलेलं नसतं तेव्हा सभ्य राहायला काय जातं?

शेवंताबाई मेश्राम आपल्याकडे आल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांना झोप नव्हती. हुडकेश्वरला त्यांचा प्लॉट, त्यावर दोन खोल्या, पुढच्या खोलीत साडीला पिको-फॉल करायचं मशीन. नवरा कन्हानकडे खाणीत कामाला होता. निवृत्त झाल्यावर त्यानं तो प्लॉट घेतला, खोल्या बांधल्या, आणि वर्ष होत नाही तो गेला. तो गेल्यावर प्लॉट पाडून विकणारा एक लेआउटवाला उगवला. त्याचं म्हणणं, मेश्रामनं मरायच्या आधी हा प्लॉट मलाच विकायचा करार केला होता, तेव्हा बाईनं ताबा द्यावा. पुरावा काय, तर त्या कराराची झेरॉक्स. अस्सल कागद कुठं आहे? हरवला. कुठं हरवला, कधी, कुणाच्या हातून? ते काही नाही, हरवला. ती झेरॉक्स सोडली तर त्याच्याजवळ काही नव्हतं, आणि त्या दोन खोल्या सोडल्या तर बाईंजवळ काही नव्हतं. सगळा दावा एवढाच होता.

‘साहेब, झेरॉक्सवर घर जाते का हो?’ बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं.

‘झेरॉक्सवर पान बी भेटत नाही, बाई. तुमी निवांत राहा,’ तुम्ही म्हणालात.

बाई निवांत राहिल्या. तुमच्या शब्दावर माणसं निवांत राहायची, नाना. तुम्ही एवढे विश्वासाचे नसता तर त्यांनी दुसरा कुणी साधा वकील केला असता, जो वेळेवर उठला असता.

मग तो दिवस आला. लेआउटवाला साक्षीला उभा होता आणि त्याचे वकील होते खापरे, तुमचे चहाचे सोबती. सकाळीच तुम्ही दोघं कँटीनमध्ये बसलेले मी पाहिले होते. खापरेंनी झेरॉक्स पुढे केली. न्यायाधीश जुने, तुम्हाला ओळखणारे. त्यांनी तुमच्याकडे पाहिलं. मी शेजारी बसून त्या एका वाक्याची वाट पाहत होते. अस्सल कागद का हजर नाही हे सिद्ध केलेलं नाही, झेरॉक्स पुराव्यात घेऊ नये, नोंद व्हावी. एवढंच. तुम्ही मान हलवली. दोनदा. न्यायाधीश हसले, ‘बघू पुढे,’ म्हणाले आणि त्यांनी पेन उचललं.

मी तुमच्या कोटाची बाही ओढली. तुम्ही हात झटकला. वकीलपत्रात माझं नाव नव्हतं, तरी मी उठले. ‘सर, या कागदाला...’ एवढंच तोंडातून आलं, आणि तुम्ही भर कोर्टात म्हणालात, ‘काहून उठून राहिली वं? बस. साहेबायनं पाह्यलं.’ कोर्टात हशा झाला. खापरे सगळ्यात मोठ्यानं हसले. तेवढ्यात निशाणी पडली.

स्टेनो पडद्याकडे पाहून टाइप करत होती. तिनं तुमची मान पाहिली नाही, आणि पाहिली असती तरी मानेसाठी तिच्या कीबोर्डवर बटण नाही. कोर्टात रोज काय घडलं त्याची नोंद रोजनाम्यात होते. त्या दिवशीच्या रोजनाम्यात आलं की कागद दाखल झाला आणि त्याला निशाणी दिली. हरकतीचं नाव नाही. संध्याकाळी ऑफिसात मी म्हणाले, ‘अजून वेळ आहे, उद्या याच साहेबांपुढे अर्ज देऊ, त्यांच्या लक्षात आहे तोवर नोंद करून घेऊ.’ तुम्ही पान लावत म्हणालात, ‘अर्ज काहाले? साहेबायले माहीत आहे ना.’

साहेबांना माहीत होतं. मग साहेबांची बदली झाली.

नव्या न्यायाधीशांना तुमची मान माहीत नव्हती, त्यांना फाईल माहीत होती, आणि न्यायाधीशानं तसंच असावं. त्यांनी निकालात लिहिलं की या कागदाला प्रतिवादीनं वेळेवर कोणतीही हरकत घेतलेली नाही, म्हणून तो ग्राह्य धरला आहे. दावा मंजूर. शेवंताबाईंनी ताबा द्यावा. निकाल ऐकून बाईंनी आधी माझ्याकडे आणि मग तुमच्याकडे पाहिलं. त्या वेळी तरी तुम्ही काहीतरी बोलाल असं मला वाटलं होतं. तुम्ही मान हलवली आणि बाहेर निघून गेलात.

अपील मी केलं. वकीलपत्र माझ्या नावावर होतं, बाईंनीच तसं सांगितलं, आणि ते तुम्हाला लागलं होतं हे मला ठाऊक आहे. ताब्याला स्थगिती मिळाली, पण पुढे भिंतच होती. वेळेवर हरकत नाही म्हणजे आता हरकत नाही. रेकॉर्डमध्ये जे नाही ते मी छाती ठोकून सांगितलं तरी वरचं कोर्ट ऐकणार नव्हतं. एकच वाट उरत होती, की समोरच्या वकिलानं स्वतः कबूल करावं. म्हणजे खापरेंनी.

म्हणून मी त्या दुपारी तुमच्या घरी आले. तुम्ही दिवाणावर पडून होता, बारीक झाला होता, आणि मला ते पाहून गलबलून आलं. तरी मी विषय काढला. ‘नाना, एक फोन करा. खापरेंना एवढंच म्हणा की त्या दिवशी माझी हरकत होती हे तुला माहीत आहे, कोर्टात नाही म्हणू नकोस.’

‘खापरेले मी विनवण्या करू?’ तुम्ही उठून बसलात. ‘भला मानूस आहे तो. स्वतः सांगन.’

‘त्यांनी अपिलात लेखी दिलंय की हरकत नव्हती.’

‘ते कागदावर. तोंडानं नाही म्हननार नाही तो.’

‘नाना, कोर्ट कागदावर चालतं हे मला कुणी शिकवलं?’

तुम्ही भिंतीकडे तोंड फिरवलं. मी म्हणाले की तुमच्या एका फोनपायी ती बाई रस्त्यावर येईल, आणि तुम्ही इथं भल्या माणसांच्या गोष्टी सांगत पडलेले असाल. काकू चहा घेऊन आल्या होत्या, तो मी तसाच ठेवला आणि निघाले. जिना उतरताना वरून तुमचा आवाज आला, ‘वंदे, ऊन लय आहे वं. डोकं बांधून जाय.’ मी उतरत राहिले. खाली येऊन दुपट्टा मात्र डोक्याला बांधला. त्याच आठवड्यात काकूंचा फोन आला.

घाटावर वकील मंडळी आली होती. तुमच्या चितेकडे पाठ करून कोण मोबाईलवर तारखा पाहत होतं, कोण तुमच्या फायली आता कुणाकडे जाणार याचा अंदाज घेत होतं. मी रडले नाही. खापरे रडत होते, आणि त्यांच्या शेजारी उभं राहून रडायची माझी इच्छा नव्हती.

तर आता खापरेंचं भाषण. त्यांनी रुमाल काढला, कपाळ पुसलं, डोळे पुसले, आणि आवाज लावला. ‘मित्रांनो, आजची मुलं टेबलं बडवतात. आमचे नानासाहेब? नुसती मान! हुडकेश्वरच्या एका दाव्यात मी एक झेरॉक्स लावत होतो. नानासाहेबांनी अशी मान हलवली,’ आणि खापरेंनी ती हलवून दाखवली, अगदी तुमच्यासारखी, दोनदा, ‘आणि मी तिथंच समजलो, हरकत आली! न्यायाधीशही समजले! एक शब्द न उच्चारता घेतलेली अशी हरकत मी आयुष्यात दुसरी पाहिली नाही!’

टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या, नाना. बारच्या लोकांना कशाचंच तारतम्य नाही. मी मनातली सगळी वकिली थांबवून पहिल्या रांगेकडे पाहिलं. तिथं मधल्या खुर्चीवर आमचं अपील ज्यांच्यापुढे होतं ते न्यायाधीश बसले होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. चष्मा काढला आणि पुसत बसले. मग दोन मिनिटं सगळे उभे राहिले, कूलर सुरू झाला आणि समोसे आले. खापरेंनी मला सांत्वनाचे हात जोडले. मीही जोडले.

अपील सुनावणीला लागलं त्या दिवशी कोर्ट भरलेलं होतं. माझं बोलून झालं. मग खापरे उठले, तोच आवाज लावून. ‘साहेब, भावनेचा प्रश्न नाही. रेकॉर्ड पाहा. हरकत आहे कुठं? तेव्हा घेतली नाही, आता घेता येणार नाही.’ त्यांचं वाक्य संपलं आणि त्यांनी श्वास घेतला. मी उठले. तुम्ही शिकवलं होतं तशी, हात वर न करता.

‘विद्वान मित्र नानासाहेबांच्या शोकसभेत या दाव्याबद्दल जे बोलले, ते खरं होतं का, एवढंच त्यांनी सांगावं. नोंद व्हावी.’ आणि बसले.

खापरेंचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. ‘साहेब, ते श्रद्धांजलीचं बोलणं होतं. अशा वेळी माणूस भावनेच्या भरात...’

‘म्हणजे खोटं होतं?’ न्यायाधीशांनी विचारलं.

‘खोटं कसं म्हणू, साहेब?’

‘मग खरं होतं?’

खापरेंनी मागे वळून पाहिलं. टाळ्या वाजवणारे निम्मे तिथंच बसले होते. खोटं होतं म्हणावं, तर तुमच्या फोटोपुढे, न्यायाधीशांपुढे खोटं बोलल्याचं कबूल करावं लागत होतं. उद्यापासून कँटीनमध्ये त्यांच्या टेबलावर कुणी बसलं नसतं. ते घुटमळले आणि होकारार्थी मान हलवली.

‘मान हलवू नका, वकीलसाहेब,’ न्यायाधीश म्हणाले. ‘बोला.’

‘हरकत घेतली होती, साहेब,’ खापरे म्हणाले.

न्यायाधीशांनी स्टेनोला सांगितलं, वादीच्या वकिलांनी मान्य केलं की सदर कागद दाखल होताना प्रतिवादीच्या वकिलांनी हरकत घेतली होती. स्टेनोची बोटं चालली. तुमची हरकत रेकॉर्डवर आली, नाना. जिवंतपणी तुम्हाला एक वाक्य जड झालं, म्हणून ते मरून बोलावं लागलं. एवढी महाग हरकत नागपूरच्या कोर्टात दुसऱ्या कुणी घेतली नसेल.

आता तुम्ही म्हणाल, बघ, स्वतः सांगन म्हटलं होतं ना मी. हरकत. तो भलेपणानं बोलला नाही, तुमच्या फोटोसमोर मिरवायला बोलला, आणि कोर्टात चहाच्या टेबलावरची जागा राखायला कबूल झाला. सत्याशी त्याचा संबंध वाटेत भेटलेल्या ओळखीच्या माणसाइतकाच. एक मात्र तुमच्या नावावर लिहिते. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या बाबतीत बेधडक खोटं बोलणाऱ्या त्या माणसाला तुमच्याबद्दल बोलताना खरं तेच सुचलं. त्यासाठी तुमचे आभार, आणि तुमच्या मानेचेही.

निकाल आमच्या बाजूनं लागला. हरकत होती, अस्सल कागद कसा हरवला हे सिद्ध झालं नव्हतं, म्हणून झेरॉक्स बाजूला पडली. झेरॉक्स गेली आणि तिच्यासोबत लेआउटवाल्याचा दावा गेला. बाहेर व्हरांड्यात मी शेवंताबाईंना सगळं समजावून सांगितलं. त्या भिंतीला टेकून ऐकत होत्या.

‘म्हंजे नानासाहेबायले तवा एवढंच बोलाचं होतं?’

‘हो. एवढंच.’

‘मंग काहून नाही बोलले वं ताई?’

मी मान हलवली. तुमच्यासारखीच, दोनदा. आणि ते लक्षात आलं तशी माझा मलाच संताप आला. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, ‘चुकले ते, शेवंताबाई. नाना चुकले होते.’ इतक्या वर्षांत हे मी कुणापुढे मोठ्यानं म्हटलं नव्हतं. तुमच्याशी भांडले, पण बाहेर एक शब्द काढला नव्हता. बोलले आणि रडू फुटलं, अंगात कोट, हातात फाईल, समोर अशील. घाटावर राहिलेलं सगळं तिथं बाहेर आलं. तुम्ही असता तर म्हणाला असता, तमाशा कराचा असंन तं बाहेर कर. आम्ही बाहेरच होतो, नाना.

बाईंनी माझ्या हातातली फाईल काढून घेतली आणि मला बाकावर बसवलं. स्वतः शेजारी बसल्या. ‘चुकले तं चुकले,’ त्या म्हणाल्या. ‘मी बी लय शिव्या देल्या त्यायले मनात. रोज रातच्याले मशीन पुसता पुसता देल्या.’ मग पदरानं तोंड पुसलं.

‘पन मानूस चांगला होता वं, ताई.’

हे ऐकीव नव्हतं. कुणी तिच्या तोंडी घातलेलं नव्हतं. जिचं घर तुमच्यापायी जाता जाता राहिलं, त्या बाईची ही साक्ष होती. मी हरकत घेतली नाही.